सांत कुगात, बार्सिलोनाजवळ : आईला महिनाभर घेऊन जायचंय, मदत हवी आहे

प्राजक्ता_नाशिक :

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त स्पेनमधे सांत कुगात देल वायेस नावाच्या गावी असते. बार्सिलोना शहराच्या मागे कोल्सेरोलाचा डोंगर आहे ना, त्याच्या पलीकडच्या अंगाला हे गाव. समुद्र डोंगराच्या त्या बाजूला आणि हे लोक या बाजूला. व्हिडिओ कॉलवर बघितलंय तेवढ्यावरून शांत दिसतं, सगळीकडे पाइनची झाडं, बंगले, रस्त्यात माणूस कमीच. आईला तिकडे महिनाभर घेऊन जायचं चाललंय.

आईचं वय ७२. बाबा गेल्यापासून ती नाशिकला गंगापूर रोडच्या घरी एकटी असते आणि तिचं तिचं छान चाललेलं असतं, सकाळी चालणं, मग भाजी, संध्याकाळी देऊळ आणि बाकावर मैत्रिणी. उजवा गुडघा दुखरा आहे, सपाटीवर पाऊण तास आरामात चालते पण जिने आणि चढ नको. बीपीची गोळी आहे, थोडा दम्याचा त्रास आहे. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मराठी आणि हिंदी येतं, इंग्रजी वाचते पण बोलायला लाजते.

आता खरा प्रश्न. बार्सिलोनात काय काय बघायचं त्याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, ते आम्ही शनिवार-रविवारी करू. पण बहीण दिवसभर ऑफिसात आणि मला सुट्टी नाही म्हणून मी पहिला आठवडाच तिथे असणार, त्यानंतर सोमवार ते शुक्रवार आई एकटी. माझ्या मावशीला तिच्या मुलाने असंच एका थंड देशात नेलं होतं, ती बिचारी खिडकीत बसून दिवस मोजत होती आणि परत आल्यावर म्हणाली, आता पुन्हा नको. माझ्या आईचं तसं व्हायला नको. तिला फिरवून आणायचं नाहीये, तिथे तिला तिचं तिचं घराबाहेर पडता आलं पाहिजे, एवढंच हवंय. त्या गावात हे जमेल का? कोणी राहिलंय का तिथे? महिना कुठला निवडावा? एप्रिल, मे का सप्टेंबर? व्हिसाचंही सांगा.

समईवात :

मी तेर्रासाला राहते, तुमच्या सांत कुगातच्या पुढे त्याच रेल्वे लाइनवर, आणि आठवड्यातून एकदा तरी तिथे उतरते. जमेल, नक्की जमेल, पण बहीण नेमकी कुठे राहते ते आधी सांगा कारण सगळं त्यावर आहे. सांत कुगात नावाखाली बरेच वेगवेगळे भाग येतात. मधलं जुनं गाव सपाट आहे, जुन्या ख्रिस्ती मठाभोवतीचे बरेच रस्ते फक्त चालणाऱ्यांसाठी, बाक आहेत, बेकऱ्या आहेत, म्हातारी माणसं सकाळी तिथेच असतात. वोल्पेयेरेस हा नवा भाग, रुंद फुटपाथ, स्टेशन जवळ. ला फ्लोरेस्ता मात्र डोंगरात आहे.

प्राजक्ता_नाशिक :

ला फ्लोरेस्ता! तेच. तिला झाडी आवडते म्हणून तिथे घर घेतलंय भाड्याने. म्हणजे अवघड आहे का?

समईवात :

अवघड आहे, अशक्य नाही. हा भाग मुळात बार्सिलोनाच्या लोकांनी उन्हाळ्यात हवा खायला म्हणून पाइनच्या रानात बांधलेला, त्यामुळे रस्ते वळणावळणाचे आणि चढाचे, काही ठिकाणी दोन रस्त्यांमधे नुसत्या पायऱ्या. सुंदर आहे हो, पण गुडघेवाल्या माणसाला तिथून दूध आणायला जाणं म्हणजे एक कामच. बहिणीला सांगा की घरापासून ला फ्लोरेस्ता स्टेशनपर्यंत आईच्या चालीने एकदा चालून बघ, जाताना नाही, येताना, कारण चढ येताना लागतो. गावाची छोटी बस वरपर्यंत येते, तिचा थांबा घराजवळ असेल तर अर्धा प्रश्न सुटला.

आणि एकदा स्टेशनवर पोचल्या की पुढे काहीच अवघड नाही. ला फ्लोरेस्ता, मग वालदोरेइश, मग सांत कुगात, म्हणजे दुसऱ्या स्टेशनला उतरायचं. एस-१ नंबरची गाडी येऊदे नाहीतर एस-२, दोन्ही सांत कुगातला थांबतात, चुकायची भीती नाही. सांत कुगातच्या पुढे मात्र फाटा फुटतो, एस-१ तेर्रासाकडे आणि एस-२ साबादेलकडे, म्हणून डुलकी काढायची नाही एवढं सांगून ठेवा. परतीला बार्सिलोनाकडची गाडी. पहिल्या आठवड्यात तुम्ही आहात ना, तर पहिले दोन दिवस तुम्ही पुढे चाला, मग आईला पुढे चालू द्या आणि तुम्ही मागे, तिकीट मशीनला लावण्यापासून सगळं तिला करू द्या. माझ्या सासूबाईंना असंच शिकवलं, आता त्या मला न सांगता जातात.

तिकिटाचं : टी-कासुआल म्हणजे १० प्रवासांचं कार्ड, पण ते एकाच माणसाचं, दोघींना एकावर जाता येत नाही. तुम्ही असाल त्या आठवड्यात टी-फामिलियार घ्या, ८ प्रवास, ३० दिवस चालतं आणि कितीही जणांनी मिळून वापरायचं. सांत कुगात आता पहिल्या झोनच्याच भाड्यात येतं, २०१९ पासून, जुन्या ब्लॉगवर दोन झोन लिहिलेलं असतं तिकडे लक्ष देऊ नका.

रानवाटा :

महिन्याबद्दल मी सांगतो, दमा लिहिलाय म्हणून मुद्दाम. तिकडे रस्त्याकडेला प्लेनची झाडं रांगेने लावलेली असतात, मोठ्या पानांची, चट्ट्यापट्ट्याच्या खोडाची. मार्चअखेर ते एप्रिल त्यांचा फुलोरा असतो, परागकण आणि बारीक कुसं हवेत उडतात आणि दम्याच्या माणसाला ते बाधतं. म्हणून एप्रिल टाळा. सप्टेंबरमधे ऊन उतरलेलं असतं पण डास असतात, आणि साधे नाहीत, टायगर मच्छर, पांढऱ्या पट्ट्यांचे, भर दिवसा चावणारे. स्पेनमधे हा डास पहिल्यांदा सापडला तो २००४ साली याच सांत कुगातमधे. झाडं, बागा, कुंड्यांखालच्या बश्यांत पाणी, त्याला सगळं आवडीचं. ओडोमॉस इथूनच न्या आणि बहिणीला बश्या रिकाम्या करायला सांगा. माझं मत मे महिन्याला, हवा छान, दिवस मोठा, पहिल्या आठवड्यात सकाळी शाल लागेल एवढंच.

कोल्सेरोलाच्या रानात जायचं असेल तर एक गोष्ट. २०२५ च्या नोव्हेंबरमधे तिथल्या रानडुकरांमधे आफ्रिकन स्वाइन फीवर निघाला आणि रानातल्या वाटांवर बंदी आली. माणसाला हा रोग होत नाही, पण बुटाला, गाडीच्या चाकाला लागून पसरतो म्हणून बंदी. तेव्हा निघायच्या आधी नगरपालिकेची ताजी सूचना बहिणीला बघायला सांगा. वाट खुली असेल तर पी दन शांद्री हे झाड आईंना जरूर दाखवा. १७७४ साली लावलेला पाइन, छत्रीसारखा पसरलेला, आता त्याला लाकडी टेकू दिलेत. गावातून शेताकडेने मातीची सपाट वाट आहे आणि सकाळी निम्मं गाव तिथे चालायला येतं. बघताना काठी टेकून उभे असलेले आजोबाच वाटतात.

मीठभाकर :

खाण्याचं मी सांगते कारण अंडंही नाही म्हणताय. दुकानात सँडविचवर 'वेजेताल' लिहिलेलं असतं, ते शाकाहारी समजून उचलू नका!! त्यात बऱ्याचदा ट्यूना मासा आणि उकडलेलं अंडं असतं. ऑम्लेटसारखी बटाट्याची जाड पोळी सगळीकडे दिसेल, त्यातही अंडं. सूप घेताना विचारायचं कारण ते कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं. एका चिठ्ठीवर लिहून द्या आईंना, सेन्से कार्न, सेन्से पेश, सेन्से ओऊस, म्हणजे मांस नको मासा नको अंडं नको. हे तिथल्या कातालान भाषेत बहिणीकडून लिहून घ्या म्हणजे नुसती दाखवली तरी चालेल.

काय खाता येईल तर पाव, त्यावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल आणि मीठ, हे सकाळी कुठेही मिळतं आणि खरंच चविष्ट असतं. एस्कालिवादा, म्हणजे वांगं आणि ढोबळी मिरची भाजून सोलून तेलात, पण वर छोटे खारे मासे ठेवलेत का बघायचं. बेदाणे आणि चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे घातलेला पालक, त्यात कधी डुकराचं मांस असतं, विचारायचं. डाळ, कणीक, हिंग, पोहे हे सगळं बार्सिलोनाच्या रावाल भागात मिळतं, तिथे पाकिस्तानी आणि बांगलादेशी किराणा दुकानं ओळीने आहेत, प्लासा कातालुन्या स्टेशनला उतरून चालत. आणि आईंना तिथे हिंदी बोलायला मिळेल, दुकानदार गप्पिष्ट असतात, हे मी मुद्दाम लिहितेय.

दुपारी दोन ते पाच छोटी दुकानं बंद आणि रविवारी जवळपास सगळंच बंद. नवीन माणसाला गाव ओस पडलंय असं वाटून उदास वाटतं, तर आधीच सांगून ठेवा की ती वेळ जेवणाची आणि झोपेची आहे. साडेपाचनंतर चौकात मुलं, आज्या, कुत्री सगळे बाहेर पडतात, आईंनी दुसरी फेरी तेव्हा मारावी.

दवबिंदू :

व्हिसा : शॉर्ट स्टे शेंगेन, १८० दिवसांत ९० दिवस. फॉर्म बीएलएसच्या (स्पेनसाठी व्हिसाचे फॉर्म घेणारी कंपनी) सेंटरला द्यायचा, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. फी ९० युरो, वर सेंटरचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा आणि ७२ वय म्हणजे आधीच्या आजारांचं कलम नीट वाचूनच घ्या. बहिणीच्या घरी राहणार म्हणून तिला तिथल्या पोलिसांकडून 'कार्ता दे इन्वितासियोन' काढावं लागेल, निमंत्रणपत्र, याला अपॉइंटमेंट लागते आणि मूळ कागद कुरियरने भारतात यावा लागतो, त्यामुळे सगळ्यात आधी हेच काम हातात घ्या. विमानतळावर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांगेत आईला उभं राहावं लागू नये म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. लाजायचं नाही.

औषधं महिन्याची पुरतील त्याहून जास्त, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. तिकडे इमर्जन्सी नंबर ११२, आईच्या फोनमधे पहिला तोच घाला.

प्राजक्ता_नाशिक :

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. बहिणीने काल सांगितल्यासारखं चालून बघितलं, स्टेशनवरून घरी यायला तिला स्वतःला दम लागला म्हणाली, पण बसचा थांबा घराच्या वरच्या वळणावर आहे, तिथून घर उतारावर. म्हणजे जाताना चालत खाली स्टेशन आणि येताना बस, असं जमेल. मे महिना ठरतोय.

एकच राहिलं. रोज सकाळी देवळात जायची तिला सवय आहे. तिथे देऊळ नाही हे तिला माहितीये आणि तिची तक्रार नाही, पण शांत बसायला एखादी जागा असेल तर बरं.

समईवात :

मठ आहे ना! सांत कुगातचा मठ हेच त्या गावाचं मूळ. आधी तिथे रोमन लोकांचा छोटा किल्ला होता, कास्त्रुम ओक्तावियानुम, नवव्या शतकापासून बेनेडिक्टाइन साधू, १८३५ ला ते गेले आणि आता चर्च गावाचं आहे. आत दगडाचा गारवा, पुढच्या भिंतीत मोठी गोल रंगीत काच. पुढच्या बाकावर कोणी बसलेलं असतं, कोणी काही विचारत नाही, चपला काढायच्या नाहीत, डोक्यावर पदर नको, फक्त खांदे झाकलेले असावेत, आई साडी किंवा पंजाबीत असतील तर प्रश्नच नाही. प्रार्थना चालू असेल तर मागे बसायचं.

बाजूला क्लॉइस्टर आहे, मधे अंगण आणि चारी बाजूंना खांबांची ओवरी, ते म्युझियममधे येतं. तिथे तुम्ही असाल तेव्हा घाई न करता जा. खांबांच्या डोक्यावर १४४ कोरीव शिल्पं आहेत, पक्षी, पानं, बायबलातल्या गोष्टी. बाराव्या शतकाच्या शेवटाला आर्नाउ कादेल नावाच्या शिल्पकाराने ती करायला घेतली आणि एका कोपऱ्यात त्याने स्वतःलाच कोरलंय, बसून छिन्नी-हातोड्याने खांबाचं डोकं घडवताना, शेजारी लॅटिनमधे लिहिलंय की हे शिल्पकार आर्नाउचं रूप, ज्याने हे क्लॉइस्टर कायमचं उभं केलं. तो कोपरा आईंना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू दे. माझ्या सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या, मग म्हणाल्या हात बघ त्याचे.

बाहेर प्लासा दोक्तावियाचा चौक, बाक भरपूर. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे आज्यांचा घोळका असतो. 'बोन दिया', म्हणजे सुप्रभात, एवढं म्हणायला शिकवा, दोन-चार दिवसांत त्या ओळखायला लागतात. मी गुरुवारी साडेदहाला तिथे असते बाजाराच्या पिशवीसकट. पहिल्या गुरुवारी तुम्ही दोघी या, पुढचे गुरुवार आई एकट्या आल्या तरी मी आहेच. व्यक्तिगत निरोप पाठवते.

प्राजक्ता_नाशिक :

समईवात ताई, आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. तिने विचारलंय की तुम्हाला गोडा मसाला आणू का काळा, आणि किती?

समईवात :

दोन्ही. पाव-पाव किलो, आणि प्लॅस्टिक दुहेरी बांधा.