एमआरआयच्या बी ३००० डिफ्यूजन स्कॅनमध्ये भूत आणि सरकलेल्या कडा: सुरुवात कुठून करू?

धंतोली_तंत्रज्ञ
३ टेस्लाचं एमआरआय मशीन, ग्रेडियंट (चुंबकक्षेत्राचा उतार) ८० मिलिटेस्ला प्रति मीटर. बी म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या हालचालीला, डिफ्यूजनला, दिलेलं वजन. बी ३०००ला मेंदूची कड डिफ्यूजन ग्रेडियंटच्या दिशेगणिक हलते, शिवाय अर्ध्या एफओव्हीवर (चित्राच्या क्षेत्राच्या अर्ध्या अंतरावर) फिकट दुसरा मेंदू दिसतो. पाण्याच्या फँटमवर (चाचणीच्या भांड्यावर) तपासलं तर नुसता नॉइज. प्रोटोकॉल बदलू की प्रोसेसिंग?

भौतिकी_वर्धारोड
भाऊ, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी भूत, म्हणजे तो फिकट दुसरा मेंदू. ईपीआयमध्ये (या स्कॅनच्या झटपट चित्रपद्धतीत) एकाआड एक ओळ उलट दिशेने वाचली जाते. सम-विषम ओळींच्या फेजमध्ये फरक राहिला की अर्ध्या एफओव्हीवर प्रत उमटते. बी ०च्या (डिफ्यूजन वजनाविना घेतलेल्या) चित्राची ब्राइटनेस विंडो ताणून पाहा. तिथेही असेल तर डिफ्यूजन ग्रेडियंटला दोष देऊ नका, शिम (चुंबकक्षेत्र एकसारखं करणं) आणि फेज करेक्शन तपासा. आणि ते कवटीभोवतीच्या कड्यासारखं दिसत असेल, तर ती चरबी आहे. चरबीचं डिफ्यूजन नगण्य, म्हणून बी ३०००ला मेंदू विझतो पण ती चमकत राहते. फॅट सप्रेशन (चरबीचा सिग्नल दाबणं) सुधारा.

हलणारी कड मात्र एडी करंटची, म्हणजे ग्रेडियंट बदलताना मशीनच्या धातूत उठणाऱ्या प्रवाहांची. रीडआउट अक्षावरचा करंट चित्र तिरकं करतो, फेज अक्षावरचा ताणतो किंवा आखडतो, स्लाइस अक्षावरचा सरकवतो.

पाणी इथे चालतच नाही. २० अंशांना त्याचा डिफ्यूजन गुणांक सुमारे ०.००२ चौ. मिमी प्रति सेकंद, म्हणजे बी ३०००ला उरतो जेमतेम ०.२५ टक्के सिग्नल. सिलिकॉन तेलाचा फँटम घ्या, फॅट सप्रेशन बंद ठेवा, सेंटर फ्रिक्वेन्सी तेलाच्या पीकवर आणा.

धंतोली_तंत्रज्ञ
दोनदा रीफोकस करणारा सीक्वेन्स लावू का? डिफ्यूजनच्या दिशा ३२ आहेत.

भौतिकी_वर्धारोड
एडी करंट कमी होतील, पण टीई (सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) वाढेल आणि बी ३०००ला तेवढा सिग्नल परवडत नाही. मी तरी साधाच ठेवेन.

प्रोसेसिंग_रामदासपेठ
सहमत. उलट फेज दिशेचे दोन-तीन बी ० घ्या. आधी एफएसएल या सॉफ्टवेअरमधलं टॉपअप (चित्राची विकृती काढायला), मग त्यातलंच एडी हे प्रोग्रॅम (एडी करंट आणि हालचाल दुरुस्त करायला). जुनं एडी-करेक्ट नको, ते प्रत्येक चित्र बी ०शी जुळवतं आणि बी ३०००ला कॉन्ट्रास्टच वेगळा असतो. दिशा अर्ध्या गोलावर नकोत, पूर्ण गोलावर पसरवा. ३२च असल्याने एडीमधला एसएलएम हा पर्याय लिनियर ठेवा. पुढे डोक्याच्या हालचालीप्रमाणे फिरवलेले बीव्हेक (दिशांची यादी) वापरा, हे हमखास विसरलं जातं.

चिलरवाला
कड दिशेप्रमाणे न हलता वेळेप्रमाणे एकाच बाजूला सरकत गेली, तर तो फ्रिक्वेन्सी ड्रिफ्ट. लांब स्कॅनमध्ये ग्रेडियंटच्या उष्णतेने शिमचं लोखंड तापतं. दर दहा-बारा चित्रांमागे एक बी ० पेरा, म्हणजे फरक लगेच कळेल. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात स्कॅनआधी चिलरच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या) पाण्याचं तापमान बघाच.