बालस्थूलतेचे प्रशिक्षण : गरज की शहरी चोचला?

बालरोगतज्ज्ञ, पुणे :
‘मेळघाटात मुले कुपोषित असताना आशा सेविका आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना बालस्थूलतेचे प्रशिक्षण देणे हा शहरी चोचला आहे,’ असे काल येथे लिहिले गेले. ते वाचून गप्प बसवेना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. ज्या उंची-वजनाच्या तक्त्यावर अंगणवाडी सेविका तीव्र कुपोषित मूल शोधते, त्याच तक्त्याच्या वरच्या टोकाला स्थूल मूल सापडते. पण आपण तिला खालच्याच रेषा पाहायला शिकवले आहे. मानेवरची काळी, जाडसर त्वचा मळ समजून आई घासत राहते आणि ती खूण इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची असू शकते, हे तिला कोणी सांगत नाही.

मूळ लेखक, अमरावती :
चोचला हा शब्द मी मागे घेणार नाही. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली बालके ३५ टक्के आहेत. पैसा आणि माणसे मोजकीच असताना आधी कोणाकडे पाहायचे, हे आपण पुण्यात बसून ठरवू नये.

बालरोगतज्ज्ञ, पुणे :
पुण्याचाच दाखला देतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की आपली नवजात बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. गर्भात उपाशी राहिलेले मूल पुढे झपाट्याने वाढले, तर त्याला मधुमेहाचा धोका अधिक. तुमचे कुपोषण आणि माझी स्थूलता एकाच मुलाच्या आयुष्यात भेटतात.

अंगणवाडी पर्यवेक्षिका, सोलापूर :
डॉक्टरसाहेब, तक्ता वाचायला आम्हाला येतो. वेळ कोण देणार? मुलांच्या नोंदी भरायचे पोषण ट्रॅकर हे ॲप आले तेव्हा ते मराठीत नव्हते आणि मोबाइलही निकृष्ट होते, म्हणून २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. आजही मुलांपेक्षा पडद्याकडे अधिक पाहावे लागते. नवे प्रशिक्षण म्हणजे नवा रकाना, नवे छायाचित्र आणि मानधन तेवढेच, हा आमचा अनुभव आहे. आधी काम कमी करा, मग शिकवा.

मूळ लेखक, अमरावती :
हेच तर मी म्हणत होतो.

एक आई, ठाणे :
तुम्ही म्हणत नव्हता. तुम्ही आमच्या मुलांना चोचला म्हणालात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला एका डॉक्टरांनी भरल्या दवाखान्यात ‘तोंड बंद ठेव’ म्हटले. त्यानंतर ती लपून खाऊ लागली आणि दवाखान्याच्या नावाने रडू लागली. घरात किती वाजता जेवतो, ती झोपते किती, खेळायला जागा आहे का, यातले काहीच त्यांनी विचारले नाही. कसे बोलावे, हे शिकायला कोणते ॲप लागते?

बालरोगतज्ज्ञ, पुणे :
ताई, यावर आमच्याकडे उत्तर नाही. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते आम्ही भिंतीवर लावले, पण मुलाला न लाजवता आईवडिलांशी बोलण्याचा सराव पदव्युत्तर शिक्षणातही मला कोणी दिला नव्हता. पर्यवेक्षिकाताईंचे म्हणणेही मान्य करावे लागते : सुरुवात सेविकांपासून नको, डॉक्टरांपासून हवी.

मूळ लेखक, अमरावती :
डॉक्टरांपुरते असेल आणि कुपोषणाच्या निधीला हात लागणार नसेल, तर माझा विरोध राहत नाही. मेळघाटाबद्दलचे मत मात्र तसूभरही बदललेले नाही.