तुमच्या घरात शेकाप होता का? पनवेल, उरण, बेलापूर पट्टीतले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात कामोठ्याला मावसभावाच्या हळदीला गेले होते. डीजे मिनिटभर थांबला तेव्हा मांडवाच्या कडेला बसलेल्या एका आजोबांनी एकदम आवाज दिला, "लाल बावटे कीऽऽ..." आमचे मामा, एक वाढपी आणि आणखी एक म्हातारबुवा, एवढ्यांनीच "जय" म्हटलं. पोरांनी मोबाईलमधून माना वर केल्या. एकाने मला हळूच विचारलं, "ताई, ही कुठली क्रिकेटची टीम?"

लाल बावटा म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आपला शेकाप. इथल्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील, म्हणजे दिबा, ज्याचे पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार झाले, पनवेलची आमदारकी २००९ पर्यंत ज्याच्याकडे होती, तो. मला हसू आलं आणि नंतर रात्रभर चुटपुट लागली. म्हणून हा धागा. आजच्या पुढाऱ्यांची उणीदुणी नकोत, तुमच्या घरात काय घडलं ते लिहा.

खाजणकाठ
माझं माहेर जासईजवळ. १६ जानेवारी १९८४ ला मी चौथीत होते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्ध दिबांनी हाक दिलेली, आमच्या आळीतून घरटी एक माणूस गेला. बाबा सकाळी भाकरी बांधून निघाले. रात्री परत आले तेव्हा दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. एक त्यांची, दुसरी कुणाची ते त्यांनाही सांगता येईना. पळापळीत जी मिळाली ती घातलेली. त्या दोन दिवसांच्या गोळीबारात पाच जण गेले. आईने ती परकी चप्पल धुऊन पडवीत ठेवली, कोणी मागायला येईल म्हणून. कोणी आलं नाही. पावसाळ्यात तिला बुरशी आली तरी ती टाकू देईना.

आमच्याकडे 'पक्ष' असा शब्दच नव्हता. 'आपली माणसं' म्हटलं की शेकाप.

पायलीभर
एवढं गंभीर माझ्याकडे काही नाही, पण खटारा आहे, म्हणजे शेकापची निशाणी, बैलगाडी. निवडणूक आली की काव पाण्यात कालवायची आणि भिंतीवर खटारा काढायचा. जेवणाचं ताट भिंतीला लावलं की चाक. आरे मात्र कधीच सारखे यायचे नाहीत. आजीला पढवून ठेवलेलं, चाक दिसलं की शिक्का मार. एका वर्षी मत देऊन आली आणि खुशीत सांगते, "खटाऱ्यावर मारला, आन् बाजूच्या सायकलीवर पन मारला. तिला बी चाकं व्हती." मत बाद! आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

सातारकर_खारघर
मी बाहेरचा, तरी लिहितो. खारघरला फ्लॅट घेतला तेव्हा लाल झेंडे पाहून मला वाटलं, इथे कम्युनिस्टांचं राज्य आहे. पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि मे २०१७ ला पहिली निवडणूक. शेकापचे एक काका सोसायटीत प्रचाराला आले, स्वच्छ पांढरा शर्ट, हात जोडलेले. त्यांनी चौऱ्याऐंशीच्या आंदोलनापासून सुरुवात केली. आमच्या लोकांनी तिसऱ्या मिनिटाला विचारलं, "काका, टँकरचं काय?" काका थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा चौऱ्याऐंशीवर आले. ७८ पैकी भाजपचे ५१ आले, शेकापचे २३. माझी मतं कुणाला गेली ते सांगत नाही, पण वरची चपलेची गोष्ट मला त्या दिवशी कोणी सांगितली असती तर निदान मी काकांना मधेच तोडलं नसतं.

साडेबारावाला
सातारकर, तुमच्या बिल्डिंगखाली कदाचित आमचं भात होतं. राग मानू नका, माझ्याही भाडेकरूंत दोन सातारचे आहेत!

त्या लढ्यातूनच साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. आमचा भूखंड मिळेपर्यंत चुलते-आते मिळून सह्यांना बावीस जण झाले होते. मग बिल्डरशी करार, सात मजले, आमच्या वाट्याला तीन फ्लॅट आणि एक गाळा. वडील जन्मभर शेकापचे. महापालिकेच्या निकालाच्या रात्री गॅलरीत उभे राहून समोरच्या खिडक्या बघत म्हणाले, "यांना आपला पक्ष म्हाईत नाय." मी म्हटलं, बाबा, भाडं वेळेवर देतात ना? त्यावर ते आत जाऊन झोपले. मी असं बोलायला नको होतं.

उलटा_वारा
सगळा दोष टॉवरवर ढकलू नका, लोकहो. १९४८ ला काँग्रेसमधून फुटून निघालेला हा पक्ष. १९५० च्या दाभाडी प्रबंधात, म्हणजे पक्षाच्या धोरणपत्रात, मार्क्सवाद मांडणारा. आमच्या गावातल्या शाखेत माझ्या लहानपणी वर्तमानपत्राचं जाहीर वाचन व्हायचं, न कळणारे शब्द एक मास्तर फोड करून सांगायचे. मी कॉलेजात जाईपर्यंत त्याच खोलीत माती-भरावाचं काम कुणाला मिळालं याच्या चर्चा. तिकीट घरातल्या घरात, युती कधी याच्याशी कधी त्याच्याशी. रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ ला शेकापचे खासदार, आणि २००९ ला पनवेल शेकापकडून घेतलं ते त्यांच्याच चिरंजीवांनी, काँग्रेसकडून. तेच पुढे भाजपचे आमदार. खुद्द दिबा उतारवयात शिवसेनेत गेले. बाहेरच्यांनी मतं दिली नाहीत हे खरं, पण घरातल्यांनी कुठे दिली?

पायलीभर
@उलटा_वारा, मुळं १९४७ ची आहेत, आधी काँग्रेसच्या आतच गट होता. बाकीचं मान्य. नाइलाजाने.

रेतीबंदर
२४ जून २०२१, दिबांचा स्मृतिदिन. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून बेलापूरला सिडकोवर मोर्चा होता. आजी हट्टाने आली, गुडघ्याला पट्टा बांधून. पाऊस भुरभुरत होता, मास्क भिजून नाकाला चिकटलेले. पोरांच्या टी-शर्टवर दिबांचा फोटो, झेंडे नाना पक्षांचे. आजी टाचा वर करून बघत होती. "आपला बावटा कुठं हाय? मना दिसत नाय." होता, लांब उड्डाणपुलाच्या बाजूला. मी बोट दाखवलं, तिला दिसला नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "फोटो तर आपल्याच मानसाचा हाय."

बूथ_नं_विसरलो
मी बूथबाहेर शेकापच्या टेबलावर बसणारा. पूर्वी यादी नुसती सोबत असायची, बघायला लागायची नाही. समोरून माणूस आला की घराणं, टोपणनाव, कुणाची सून, सगळं तोंडावर. दुपारी एकपर्यंत कोण यायचं राहिलंय ते मी न बघता सांगायचो आणि पोरं त्यांना रिक्षातून आणायची. २०१७ ला माझ्यासमोर तीच यादी, पण पानंच्या पानं अनोळखी आडनावं. तोंडी एकही सांगता येईना. दुसऱ्या पक्षाच्या टेबलावरची मुलगी मोबाईलवर नाव टाकून दोन सेकंदांत अनुक्रमांक काढून देत होती. सकाळी अकराला आमच्याच गावचा एक पोरगा आला, मला म्हणाला, "काका, जरा सरका, तिला विचारतो." मी सरकलो. डबा तिथेच खाल्ला, सुक्या बोंबलाची चटणी होती. त्या मुलीने मागितली म्हणून तिलाही दिली.