ताप सोमवारी, अहवाल गुरुवारी: मधल्या तीन दिवसांची मजुरी कोणाकडे मागायची?

हजेरीपट (२४ एप्रिल २०२१)

नमस्कार मंडळी. वाळूज औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यात मी पाळीप्रमुख आहे. माझ्या पाळीत एकोणतीस माणसे असून त्यांतील सहा कंपनीच्या पटावर आहेत आणि बाकीची ठेकेदाराची. रोजची हजेरी मीच लिहितो आणि महिनाअखेरीस खाडे मोजून देण्याचे कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे या प्रश्नात मी केवळ बघ्या नाही.

गेल्या रविवारी रात्री पॅकिंगवरच्या एका मुलाला ताप भरला. सोमवारी तो आला नाही, मंगळवारी त्याने आरटी-पीसीआर चाचणीसाठी नमुना दिला आणि गुरुवारी तो कोरोनाबाधित असल्याचा अहवाल आला. कार्यालयाचे म्हणणे असे की रजा अहवालाच्या तारखेपासूनच धरता येईल, म्हणून सोमवार ते बुधवार हे तीन खाडेच. ठेकेदाराने तर पुढच्या दिवसांचेही हात वर केले आणि त्याला ईएसआयकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेकडे, जायला सांगितले. मुलाची रोजची मजुरी ४५० रुपये आहे.

याचा परिणाम मला शुक्रवारीच दिसला. फाटकावर कपाळाला लावायची तापमापक बंदूक आहे. तिच्यापुढे रांगेत उभा असलेला दुसरा एक कामगार पाण्याच्या बाटलीतून घाईने गोळी गिळताना मला दिसला. विचारले तेव्हा म्हणाला, "साहेब, डोकं दुखत होतं." बंदुकीने सारे ठीक दाखवले आणि तो आठ तास दोघांच्या मध्ये बसून झाकणे मोजत राहिला. मी त्याला घरी पाठवले नाही, कारण पाठवले असते तर त्या दिवसाचा खाडा माझ्याच हाताने लिहावा लागला असता.

आजारपणाच्या भरपगारी रजेबद्दल कायद्यात नेमके काय आहे आणि अहवाल येण्याआधीचे दिवस कोणाच्या खात्यावर पडतात, हे जाणकारांनी सांगावे.

चलनवाला

मी एका कामगार कायदा सल्लागाराच्या कार्यालयात भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय यांची चलने भरतो. आपल्या प्रश्नात रजा, विमा आणि साथीपुरते निघालेले सरकारी आदेश अशा तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

रजेचे म्हणाल तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात आजारपणाची म्हणून वेगळी रजाच नाही. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते; तीच आजारात वापरा, नाहीतर लग्नात. दुकाने आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा जो अधिनियम आहे, त्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, पण आजारपणाची रजा तिथेही नाही. आजारी कामगाराची सोय विम्यातून होते, असे गृहीत धरून हे कायदे लिहिलेले दिसतात.

तो विमा म्हणजे ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू होतो आणि त्यासाठी कामगाराचे ०.७५ टक्के व मालकाचे ३.२५ टक्के कापले जातात. आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतात, मात्र पहिले दोन दिवस त्यातून वगळलेले असतात. आपल्या मुलाला चौदा दिवसांचे प्रमाणपत्र मिळाले असे धरले, तर बारा दिवसांचे रोज ३१५ प्रमाणे ३,७८० रुपये होतात. त्याच पंधरवड्यात दोन रविवार सोडून बारा हजेऱ्या भरल्या असत्या तर ५,४०० मिळाले असते. गोळी गिळणाऱ्याने हा हिशेब कागदावर केला नसेल, पण तो त्याला पाठ आहे.

आणखी एक खाच आहे. जानेवारी ते जून या काळात आजारी पडणाऱ्याचा हक्क आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरमधील वर्गणीवरून ठरतो आणि त्या सहा महिन्यांत सर्वसाधारणपणे ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणजे आज ताप आलेल्या माणसाचे २०२० च्या टाळेबंदीतले दिवस मोजले जाणार! तरीही आपण बाद झालो असे कोणीही घरबसल्या ठरवू नये. ज्या बंद दिवसांची मजुरी मिळाली, तेही दिवस मोजणीत येतात. शाखा कार्यालयात विमा क्रमांक देऊन आपले दिवस तपासून घ्यावेत, आणि प्रमाणपत्रासाठी अहवालाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी ईएसआयचा दवाखाना किंवा पॅनेलचा डॉक्टर गाठावा.

जुना झेंडा

चलनवाले यांनी विम्याचे गणित चोख मांडले आहे. मी बावीस वर्षे युनियनचे काम केले, म्हणून ठेकेदाराच्या उत्तराबद्दल थोडे लिहितो. "तो ठेकेदाराचा माणूस आहे" हे वाक्य ऐकून गप्प बसायचे कारण नाही. ईएसआयच्या कायद्यातील कलम ४० नुसार ठेक्यावरच्या कामगाराचीही वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कंपनीची आहे. ठेकेदाराकडून ती वसूल करणे हा त्यांचा आपसातला व्यवहार. ठेकेदाराने देय मजुरी बुडवली तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे तीही कंपनीलाच द्यावी लागते. शिवाय आजारपणाचा लाभ सुरू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, हे कलम ७३ मध्ये स्पष्ट आहे.

आता या महिन्याच्या आदेशांविषयी. ५ एप्रिलपासून लागू झालेल्या राज्य सरकारच्या 'ब्रेक द चेन' या कोरोना निर्बंधांच्या नियमांत बाधित कामगाराला वैद्यकीय रजा द्यावी, त्या कारणाने त्याला कमी करू नये आणि पूर्ण वेतन द्यावे असे म्हटले आहे. त्याच्या निकट संपर्कात आलेल्यांचे विलगीकरणही पगारी आहे. म्हणजे गुरुवारपासूनचे पैसे त्याला पूर्ण मिळायला हवेत. एका दिवसाची मजुरी आणि त्याच दिवसाचा विमा असे दोन्ही मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

पण या आदेशातला शब्द 'बाधित' हा आहे आणि आपले तीन दिवस नेमके त्या शब्दाच्या अलीकडे पडतात. ज्या दिवसांत माणूस इतरांना आजार देण्याची भीती सर्वांत जास्त, त्याच दिवसांत तो कागदोपत्री निरोगी! ईएसआयचे वगळलेले दोन दिवसही तेच. शिवाय साथीपुरत्या आदेशांवर किती विसंबायचे, तेही आपण गेल्या वर्षी पाहिले. टाळेबंदीत पूर्ण वेतन देण्याचा केंद्राचा आदेश २९ मार्च २०२० रोजी निघाला, १८ मेपासून तो मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसात बोलून तोडगा काढायला सांगितले. पॅकिंगवरचा ठेक्याचा मुलगा कोणाशी बोलणार होता?

तुम्हाला एक काम सुचवतो, कारण वही तुमच्या हातात आहे. त्या तीन दिवसांपुढे 'गैरहजर' लिहू नका, 'आजारी' लिहा आणि चाचणीच्या पावतीची प्रत जोडा. उद्या भांडायची वेळ आली तर हजेरीपुस्तकातला तो शब्द उपयोगी पडेल.

लेथमास्तर

इथे मालकाच्या बाजूने कोणी लिहीत नाही, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. चिकलठाण्याला माझे लहान वर्कशॉप आहे, बारा माणसे. बारातले तीन एकदम घरी बसले की तीन यंत्रे उभी राहतात, त्यांचा पगार चालू राहतो आणि माल वेळेवर गेला नाही म्हणून बिलातून कपात होते ती निराळीच. मोठ्या कंपन्यांना जे पेलते ते आम्हालाही पेलेल असे धरून आदेश निघतात. आणि फक्त सोमवारीच ताप येणारी माणसेही मी पाहिली आहेत, हे नाकारू नका.

तरी अनुभव सांगतो. गेल्या सप्टेंबरपर्यंत माझाही नियम कागद दाखवा आणि रजा घ्या असाच होता. माझ्या सर्वांत जुन्या टर्नरने दोन दिवस ताप लपवला, कारण मुलीच्या फीचा हप्ता तोंडावर होता. आठवड्यात पाच जण आडवे झाले, त्यांत मीही होतो, आणि वर्कशॉपला अकरा दिवस कुलूप राहिले. माझे दोन दिवसांचे अकराशे रुपये वाचले असतील! तेव्हापासून ताप म्हटले की तीन दिवस कागद न मागता देतो. सात महिन्यांत खोटे बोलल्याची मला खात्री पटली असा एकच निघाला, आणि त्यालाही मी पैसे दिले. माझी मागणी एवढीच आहे की साथीच्या काळात ईएसआयने पहिले दोन दिवस धरावेत. आम्हीही दरमहा वर्गणी भरतोच ना.

ओसरीवरून

या चर्चेत पट, ठेका आणि विमा क्रमांक असलेलीच माणसे आली, म्हणून दोन ओळी लिहिते. माझी आई चार घरी स्वयंपाक करते. तिला ना हजेरीपुस्तक, ना चलन. राज्य सरकारने या महिन्यात नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. तिची नोंदणीच नाही. चारपैकी एका घरच्या काकूंनी "बरी झालीस की ये, पगार कापणार नाही" असे सांगितले. बाकी तिन्ही घरी पंधरा दिवसांत दुसऱ्या बाई लागल्या. ताप आल्याचे तिने चौघींनाही पहिल्याच दिवशी सांगितले होते. पुढच्या वेळी ती सांगेल, असे मला वाटत नाही.

हजेरीपट (२८ एप्रिल २०२१)

सर्वांचे आभार. ओसरीवरून ताई, आपल्या आईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे झाले ते सांगतो. आदेशाची प्रत पुढे ठेवल्यावर कार्यालयाने गुरुवारपासूनचे पूर्ण वेतन मान्य केले आणि ते ठेकेदाराच्या बिलातून वळते करायचे ठरले. गोळी घेतलेल्याला मी सोमवारी चाचणीला पाठवले. त्याचा अहवाल यायचा आहे. त्याच्याशेजारी बसणाऱ्या दोघांना बाजूच्या रिकाम्या टेबलावर हलवले आहे.

पॅकिंगवरचा मुलगा आणि गोळी घेतलेला, या दोघांच्याही अहवालाआधीच्या दिवसांपुढे मी जुना झेंडा यांनी सांगितल्याप्रमाणे 'आजारी, अहवाल बाकी' असे लिहिले. काल हिशेबनिसाचा फोन आला की हजर, गैरहजर, रजा आणि सुट्टी असे चारच रकाने आहेत, तर हे कशात धरू? पाचवा आखा, असे मी त्यांना सांगितले आहे. ते साहेबांना विचारून कळवणार आहेत.