मदत हवी आहे: घरी वापरायच्या ईसीजी पेटीला कुठलं पोर्ट ठेवू?

नमस्कार मंडळी. मी जळगावला दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतो. रात्री दुकान मिटल्यावर एक उद्योग चालू आहे: छातीला तीन इलेक्ट्रोड चिकटवून दोन दिवस ईसीजी नोंदवणारी, खिशात मावेल अशी पेटी. पेशंट ती लावून गावी जाईल, तिसऱ्या दिवशी घरच्याच लॅपटॉपवरून डेटा डॉक्टरांकडे पाठवेल. अजून कुणालाही लावलेली नाही. सिम्युलेटरवर (हृदयाचे खोटे ठोके देणारं यंत्र) चालवतो, आणि कधी बॅटरीवर माझ्याच छातीला.

ब्लूटूथ बाद केलं. फोन नातवाच्या खिशात शेतावर आणि पेटी आजीजवळ घरात, असंच होणार. तेव्हा वायरच.

पहिल्या पेटीला साधं सिरियल पोर्ट होतं, एका तारेवरून एकेक बिट पाठवणारं. सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ४८ तासांचे ८६ एमबी. १,१५,२०० बॉडने (सेकंदाला तेवढे बिट) ते उतरवायला दोन तास लागले! यूएसबीच्या 'फुल स्पीड' वेगावर हेच काम दीड-दोन मिनिटांचं. तो प्रश्न मिटला.

आता मायक्रो की टाइप-सी? कागदावर दोन्ही १०,००० वेळा लावा-काढा सोसतात. पण चोपड्याकडच्या आमच्या आजीच्या हातात मायक्रोची वायर दिली तर तिचा पहिला प्रश्न, "हाई उलटं शे का सुलटं?" आणि उत्तराची वाट न बघता तिने दाबलंच. सॉकेट बोर्डावरून उखडलं. त्यात केळीच्या बागेतून आलेला माणूस, बोटांना चीक लागलेला. चुंबकाने चिकटणाऱ्या पिना आवडल्या होत्या, पण उघड्या पिनांवर घाम आणि व्होल्टेज एकत्र आले की त्या हिरव्या पडतात. म्हणून माझा कल टाइप-सीकडे.

खरी भीती वेगळीच आहे. दोन दिवसांत कुणीतरी इलेक्ट्रोड अंगावर असतानाच पेटी चार्जरला लावणार. शंभर रुपयांचा चार्जर, घरात अर्थिंगचा पत्ता नाही. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, तोच करंट छातीतून जायचा. दोन बाजूंमधला विजेचा थेट संबंध तोडून फक्त सिग्नल पलीकडे नेणारी आयसोलेटर चिप (एडीयूएम ४१६०) टाकली तर पुरे का?

प्रतिसाद १
भाऊ, ती चिप फक्त डेटाच्या दोन तारा वेगळ्या करते. ५ व्होल्ट आणि ग्राउंड तिला वळसा घालून सरळ आत नेले तर चिप असून नसल्यासारखी. पेटी तिच्या बॅटरीवरच चालू द्या, वायरीतून वीज आत घेऊच नका. सरासरी ५ मिलीअँपियर धरले तरी ४८ तासांना २४० एमएएच होतात, ५०० ची बॅटरी आरामात निघेल. चार्जिंग तुमच्या दुकानात, वेगळ्या संपर्कातून. घरी वापरायच्या वैद्यकीय यंत्रांचं आयईसी ६०६०१-१-११ हे मानक वाचा. घरच्या अर्थिंगवर विसंबायचं नाही, हे त्यात आहेच.

आणि टाइप-सी करताना सीसीच्या दोन्ही पिनांना (यंत्र जोडलंय हे लॅपटॉपला कळतं त्या) वेगवेगळा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा. नाहीतर सी-टू-सी वायरीवर लॅपटॉप ५ व्होल्ट देणारच नाही, आणि चिपची लॅपटॉपकडची बाजू त्यावरच चालते.

धागाकर्ता
बॅटरीचा हिशेब पटला. मग असं करू का, इलेक्ट्रोडची वायरही त्याच टाइप-सी सॉकेटात घालायची? एक भोक, एका वेळी एकच वायर. अंगावर असताना लॅपटॉपला लागूच शकणार नाही.

प्रतिसाद २
हे अजिबात करू नका!! इलेक्ट्रोडच्या वायरीला टाइप-सी पिन आली की ती मोबाइलच्या चार्जरमध्येही बसते. दुसरं टोक छातीवर. पेशंटची वायर जगातल्या कुठल्याही चार्जरमध्ये किंवा प्लगमध्ये बसता कामा नये.

कल्पना मात्र चांगली आहे. दोन वेगळी सॉकेटं ठेवा आणि वर एक सरकतं झाकण. इकडे सरकवलं तर इलेक्ट्रोडचं तोंड उघडतं, तिकडे सरकवलं तर यूएसबीचं. सॉकेट घेताना कवचाचे पाय बोर्डाच्या आरपार जाणारं घ्या, आजी कितीही दाबू देत. आणि पेटीबरोबर वायर तुमचीच द्या. घरातल्या निम्म्या वायरी नुसत्या चार्जिंगच्या, डेटाच्या तारा आत नसतातच. मग "पेटी बिघडली" म्हणून फोन तुम्हाला.

जाता जाता, वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली परवाना लागेल. तोवर सिम्युलेटरच बरा.

धागाकर्ता
परवान्याचं माहीत आहे, म्हणून तर कुणाला दिली नाही. झाकणाचं डोक्यात बसलं, आज रात्रीच पुठ्ठ्याचं करून बघतो. पक्कं झाकण कशाचं करू? मागच्या मे महिन्यात थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचं छापलेलं एक कव्हर गाडीत राहिलं, दुपारी बघतो तर पापडासारखं वाकलेलं. जळगाव-भुसावळात एबीएसमध्ये (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) छापून देणारं कुणी आहे का?