फ्लूची लस घेतली, ताप आलाच नाही, मग लस लागू पडली की नाही?

मृण्मयी_सांगली:
परवा आईला (वय ६८) फ्लूची लस देऊन आणली, दंड जरासा दुखतोय, बाकी ताप नाही की अंगदुखी नाही. शेजारच्या काकू म्हणतात ताप नाही आला म्हणजे लस लागलीच नाही. आता आईने तेच धरून ठेवलंय, परत घेऊ का म्हणून दोनदा विचारून झालं. मलाही शंका यायला लागली कारण २०२१ ला कोव्हिशील्ड घेतल्यावर मला हुडहुडी भरून १०२ ताप आणि आई दुसऱ्या दिवशी निवांत पोळ्या लाटत होती. कोणी नीट सांगेल का?

पेशी_आणि_मी:
परत अजिबात घेऊ नका. मी लॅबमध्ये रोगप्रतिकारक पेशींवर काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुई दंडाच्या स्नायूत गेली की तिथल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशी काही तासांत जाग्या होतात, रक्तातून न्यूट्रोफिल, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी धावत येतात. हा फ्लू की कोविड हे यांना कळत नाही, त्यांना फक्त ठरावीक खुणा ओळखता येतात, उदा. टीएलआर-७ नावाचा रिसेप्टर व्हायरसचा एकपदरी आरएनए ओळखतो. खूण पटली की त्या आयएल-१, आयएल-६ अशी रसायनं सोडतात आणि त्यांचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला (शरीराचं तापमान सांभाळणारा भाग) पोचला की ताप चढतो. म्हणजे ताप येतो तो या पहिल्या फळीमुळे, अँटिबॉडी तयार व्हायला पुढे दोनेक आठवडे जातात.

मुख्य काम तर कळतही नाही. डेंड्रायटिक पेशी लसीचा अंश गिळते, दंडातून निघून बगलेतल्या लसिका गाठीत (लिम्फ नोड, प्रत्येकाला असतेच) जाते आणि तिथे टी पेशींना (या नेमका शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) तो दाखवते. तिला फांद्यांसारखे हात असतात, मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. राल्फ स्टाइनमन या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये तिचं वर्णन केलं, त्यासाठी त्यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं आणि ते तीनच दिवस आधी गेलेले, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीचा अडेनोव्हायरस होता, वाढू न शकणारा पण पेशीत शिरणारा, त्यामुळे खुणा भरपूर. फ्लूच्या बहुतेक इंजेक्शनांमध्ये मारलेल्या व्हायरसचे तुकडे असतात, म्हणून एवढी खळबळ होत नाही.

डॉक्टर_काका:
वयाचंही बघा मृण्मयीताई. साठीनंतर या पेशी मंदावतात, ताप कमी येतो. अँटिबॉडीही तरुणांपेक्षा कमी बनतात हे खरं आहे, म्हणून तर परदेशात ६५ च्या पुढे जास्त डोसची लस देतात किंवा एमएफ५९ घातलेली, हे म्हणजे स्क्वालीन तेलाचे बारीक थेंब, स्नायूत याच पेशींना गोळा करतात, इटलीत १९९७ पासून आहे. पण कोणाला किती संरक्षण मिळालं ते तापावरून ठरवता येत नाही. दरवर्षी एकदा घ्यायची, बास.

अवि_नाशिक:
मग खरा फ्लू झाला की अंग एवढं का मोडून येतं?

पेशी_आणि_मी:
त्यात इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा. व्हायरस शिरलेली पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होऊन व्हायरसच्या प्रती बनू देत नाहीत. हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे तेव्हा पेशंटना फ्लूचा व्हायरस नसतानाही अगदी फ्लूसारखी कणकण यायची. आणि गंमत बघा, १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना ते सापडलं ते कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर मारलेला फ्लूचाच व्हायरस टाकून! ही फळी नसेल तर काय होतं ते कोविडमध्ये दिसलं, २०२० च्या एका अभ्यासात गंभीर आजारी ९८७ जणांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी निघाल्या.

मृण्मयी_सांगली:
खूप खूप आभार, आईला सगळं वाचून दाखवलं. आता ती बगल चाचपून बघतेय, गाठ हाताला लागायला हवी का विचारतेय.

डॉक्टर_काका:
नाही हो, फ्लूच्या लसीनंतर बहुतेकांना लागतच नाही. लागली तरी काही आठवड्यांत बसते, राहिली किंवा वाढली तर मात्र दाखवून घ्या.