ल्योंची ब्रासेरी जॉर्ज : तुमचे अनुभव सांगा

फ्रान्समधल्या ल्योंला पेराश स्टेशनवर उतरलं की अगदी जवळच ब्रासेरी जॉर्ज आहे. अल्सासहून, म्हणजे जर्मनीच्या सीमेलगतच्या प्रांतातून, आलेल्या जॉर्ज हॉफेरनं १८३६ मध्ये सुरू केलेली. ब्रासेरी म्हणजे मुळात बिअर बनवायची जागा. सोबत जेवण मिळू लागलं आणि पुढे अशा खाण्याच्या जागांनाच ते नाव पडलं. आत शिरलात की आधी वर बघा. एवढा प्रचंड हॉल आणि मध्ये एकही खांब नाही! मी शुकरुत घेतला होता: आंबवलेला कोबी, त्यावर सॉसेज, पोर्कचे तुकडे, उकडलेले बटाटे. कोबीचा आंबटपणा चरबीचा जडपणा छान मारतो. मोहरीची चटणी सढळ हातानं घ्या. तुम्ही गेला असाल तर लिहा, कुणाबरोबर गेलात तेही.

*

मी तिथे शिकायला होते. वाढदिवसाला वर्गातल्या दोघी घेऊन गेल्या. जेवण संपत आलं, दिवे मंद झाले आणि हँडल फिरवून वाजवायचा ऑर्गन सुरू झाला. मग आलं ऑम्लेट नॉर्वेजिएन. नाव ऑम्लेट, पण आत केक आणि आइस्क्रीम, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेसाळ थर, त्यावर दारू ओतून पेटवलेलं. अनोळखी टेबलांवरूनही टाळ्या! रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिचा एकच प्रश्न, "अगं, आइस्क्रीम वितळलं कसं नाही?" त्या फेसात हवा कोंडलेली असते, ती आच आत जाऊ देत नाही.

*

शाकाहारी मंडळींसाठी, आईबाबांना ल्यों दाखवलं त्या अनुभवावरून: कांद्याचं सूप निरुपद्रवी दिसतं, पण ते बहुधा बीफच्या स्टॉकमध्ये करतात. ल्योंच्या सॅलडमध्ये बेकन असतं. "मांस नको" एवढ्यावर थांबू नका, बेकन, स्टॉक, मासळी असं एकेक नाव घेऊन विचारा. बाबांना ग्रातँ दोफिनुआ फार आवडलं. बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध आणि क्रीममध्ये भाजलेल्या. घरी आल्यावर आईनं दोनदा केलं.

*

पॅरिसच्या ब्रासेरी लिपचं मूळही अल्सासच, १८८० चं. १८७०-७१ च्या युद्धात अल्सास जर्मनीकडे गेलं आणि बरेच अल्सेशियन पॅरिसला आले. तरी मला जॉर्जच जवळची वाटते. तिथली बिअर चुकवू नका, २००४ पासून ती पुन्हा तिथेच बनते.

*

पुढच्या महिन्यात लेकीकडे जातोय. रविवारी दुपारी पाच जणांना बुकिंगशिवाय टेबल मिळेल का?